कैरोहून बार्न्सलीला, चार फ्रेम हरायला

व्यावसायिक स्नूकरच्या जागतिक टूरचा कारभार पाहणाऱ्या मंडळींस,



पत्र मराठीतून लिहितो आहे. ब्रिस्टलच्या तुमच्या कचेरीत मराठी वाचणारं कुणी असेल अशी माझी समजूत नाही. पण ज्या खेळाच्या किल्ल्या आज तुमच्या कमरेला आहेत, तो १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये सुचला आणि १८८२ मध्ये त्याचे नियम उटीच्या क्लबात टांगले गेले, हे तुम्हीच कौतुकानं सांगत असता. तेव्हा इकडून एखादं तक्रारीचं पत्र आलं तर ते आगंतुकाचं समजू नये. आमच्या मुंबईची मुलंही तुमच्याच रांगेत उभी आहेत, त्यांचं ओघात येईलच. आज मात्र बोलायचं आहे ते इजिप्तच्या खेळाडूबद्दल. तो आफ्रिकेचा विजेता झाला आणि तुम्ही त्याला दोन वर्षांचं टूर कार्ड दिलं.

तो म्हणजे कुणी एक नव्हे. हातेम यासीन, बासेम एल्ताहान, मोहम्मद इब्राहिम, मुस्तफा दोर्घाम. गेल्या दहा-बारा वर्षांत ही नावं एकामागून एक तुमच्या यादीत आली, नावापुढे इजिप्तचा झेंडा लागला, आणि मुदत संपल्यावर नावं गळाली. यांतल्या कुणालाही पहिल्या ६४ मध्ये पोचून कार्ड राखता आलं नाही. एखादा घसरला तर त्याच्या पायाला दोष द्यावा. ओळीनं सगळेच एकाच पायरीवर घसरत असतील तर जिना तपासावा.

पत्र खुलं आहे, म्हणून टूरची रचना ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जगभरातले साधारण सव्वाशे खेळाडू व्यावसायिक म्हणून टूरवर असतात. नव्याला कार्ड मिळतं ते दोन हंगामांचं. क्रमवारी ठरते बक्षिसाच्या रकमेवर. दोन वर्षांत जितके पौंड कमावले तितकी जागा वर. नव्या माणसाच्या खात्यात पहिल्या दिवशी शून्य असतं. मुदत संपताना तो पहिल्या ६४ मध्ये असला तर राहिला. नाहीतर क्यू स्कूल नावाच्या पात्रता स्पर्धेत पुन्हा नशीब काढायचं, किंवा घरी जायचं. कार्डाच्या वाटा बऱ्याच आहेत: क्यू स्कूल आहे, जागतिक हौशी विजेतेपद आहे, खंडाखंडांची अजिंक्यपदं आहेत. आफ्रिकेच्या वाट्याला आलेली जागा अनेकदा इजिप्तनं पटकावली.

आता या माणसाचा पहिला सामना कसा होतो ते पाहा. कैरोहून विमानानं मँचेस्टर किंवा लंडन, तिथून रेल्वेनं बार्न्सली, लेस्टर, विगन किंवा शेफिल्ड. तुमच्या पात्रता फेऱ्यांची ही नेहमीची गावं. हॉलमध्ये आडोसे घालून खण पाडलेले, प्रत्येक खणात एक टेबल, बघायला बोटांवर मोजण्याइतकी माणसं. सामना सात फ्रेमचा, म्हणजे चार जिंकल्या की संपला. समोर जो उभा असतो तो आठव्या-नवव्या वर्षापासून अशाच टेबलांवर वाढलेला, रोज आपल्याइतक्याच तयारीच्या माणसाशी खेळणारा. आपला पाहुणा ब्रेक करतो, सेफ्टी, म्हणजे समोरच्याला संधी न ठेवणारा फटका, थोडी चुकते, पांढरा चेंडू टेबलाच्या सुरुवातीच्या टोकाकडे परतताना तांबड्यांतला एखादा उघडा राहतो, आणि पुढची दहा-बारा मिनिटं त्याला फक्त खुर्चीत बसायचं असतं. हरणाऱ्याला करायला काहीही न उरणं ही स्नूकरची खास शिक्षा आहे. क्रिकेटमध्ये शून्यावर बाद झालेला निदान क्षेत्ररक्षणाला तरी धावतो. इथे दीड-दोन तासांत चार फ्रेम जातात आणि पंचांशी हात मिळवून माणूस हॉटेलवर परततो. परतीचं विमान बहुधा दोन दिवसांनी, कारण तिकीट काढताना जिंकायची आशा धरलेली असते.

हरला याची तक्रार नाही. हरणं त्याचं त्यानं सोसावं. तक्रार ही आहे की हा सामना त्याच्या दोन वर्षांतला फार मोठा हिस्सा आहे. शेफिल्डमध्ये राहणारा नवा खेळाडू सकाळी हरला तर संध्याकाळी सरावाच्या टेबलावर असतो, शेजारच्या टेबलावर एखादा विश्वविजेता नाहीतर पहिल्या सोळांतला कुणीतरी असतो, त्याच्याशी दोन फ्रेम खेळून चूक कुठे झाली हे त्याला रात्रीपर्यंत कळतं. कैरोच्या माणसाचा पुढचा तोडीचा सामना म्हणजे पुढचं विमान. तुमच्या स्पर्धांतलं टेबल खालून तापवलेलं असतं, त्यावरचं कापड पातळ आणि वेगवान, खिसे ठरलेल्या साच्याचे. आमच्या मुंबईत पावसाळ्यात कापड ओलावा धरतं, चेंडू जड होतात, आणि त्या टेबलावर कमावलेला हात परदेशी टेबलावर पहिले काही दिवस परक्याचा वाटतो. हे ज्यानं अनुभवलं आहे त्याला कळेल की अशा टेबलाची सवय होण्याआधीच सामना संपणं म्हणजे काय.

त्यातून तुम्ही हौशी आणि व्यावसायिक यांच्यातलं अंतर रांगेतल्या पुढच्या-मागच्या इतकंच असल्यासारखं वागता. ते तसं नाही. आफ्रिकेच्या अजिंक्यपदात तो ज्यांना हरवतो त्यांच्याविरुद्ध एखादी सेफ्टी सैल पडली तरी फ्रेम वाचते. टूरवर तीच सैल सेफ्टी म्हणजे सत्तर-ऐंशी गुण. हा फरक नुसत्या हुशारीनं भरून निघत नाही, रोज वरचढ माणसाकडून मार खाऊनच भरतो, आणि मार खायला माणूस तिथे राहावा लागतो.

राहायचं तर पैसे लागतात. हे कलम जरा सावकाश घेतो, कारण तुमच्या हिशेबात ते फारसं दिसत नाही.

२०२२-२३ च्या हंगामापासून तुम्ही प्रत्येक व्यावसायिकाला हंगामाला किमान २०,००० पौंडांची हमी दिली. चांगलं केलंत. त्याआधी पहिल्याच फेरीत हरणारा बऱ्याच स्पर्धांतून रिकाम्या हातानं परतायचा, त्या मानानं हे मोठंच पाऊल होतं. पण ही रक्कम डर्बीच्या मुलाच्या हाती पडते तेव्हा तिचा अर्थ एक असतो आणि कैरोच्या माणसाच्या हाती पडते तेव्हा दुसरा. डर्बीचा मुलगा आईच्या घरून गाडीनं सामन्याला जातो. कैरोच्या माणसाच्या वीस हजारांतून विमानं, हॉटेलं, व्हिसाची फी, सरावाच्या टेबलाचं भाडं आणि घरचा खर्च निघायचा असतो. बरं, हमीचा पैसा येईपर्यंतचा खर्च त्यानं कुठल्या चलनात करायचा? मार्च २०२२ च्या आधी एका ब्रिटिश पौंडाला साधारण वीस-एकवीस इजिप्शियन पौंड मोजावे लागत. मग अवमूल्यनं होत गेली, आणि मार्च २०२४ मध्ये कैरोच्या मध्यवर्ती बँकेनं चलन मोकळं सोडल्यावर तोच आकडा साठीच्या घरात गेला. २०२२ च्या उन्हाळ्यात कार्ड मिळालेल्या खेळाडूची मुदत २०२४ च्या उन्हाळ्यात संपते. म्हणजे मार्च २०२२ च्या आधी ठरवलेलं बजेट घेऊन जो निघाला, त्याची मुदत संपेपर्यंत विगनच्या त्याच खोलीचं भाडं घरच्या पैशांत जवळपास तिप्पट झालं. त्याचा खेळ तिप्पट सुधारला असता तरी हिशेब जेमतेम जुळला असता.

तुम्ही म्हणाल, इजिप्तचं चलन आम्ही सांभाळायचं का? नाही. पण ज्या खेळाडूला तुम्ही जगभर नेतो म्हणून मिरवता, त्याचा खर्च जगाच्या कुठल्या कोपऱ्यातून होतो हे तरी पाहायचं. सगळ्यांना सारखी रक्कम दिली की न्याय झाला, असा हिशेब शिधावाटपात चालतो. टूरच्या हिशेबात त्याचं घर इंग्लंडपासून किती लांब आहे हेही धरायला हवं.

दुसरी गोष्ट व्हिसाची. तीही तुमच्या हातात नाही, हे मान्य. पण घड्याळ तुमच्या हातात आहे. इराणच्या होसेन वफाईची आठवण करून देतो. २०११ मध्ये बंगळुरूला तो जागतिक हौशी विजेता झाला, पाठोपाठ टूरवर यायचं निमंत्रण मिळालं, आणि व्हिसाच्या अडचणींमुळे त्याला काही वर्षं येताच आलं नाही. अखेर आला, आणि २०२२ मध्ये शूट आउट जिंकून रँकिंग स्पर्धेचा विजेता झाला. त्याच वर्षी शेफिल्डच्या क्रूसिबलवर, विश्वविजेतेपदाच्या स्पर्धेतही खेळला. मधली वर्षं त्याला कुणी परत केली नाहीत. त्याच्याकडे जिद्द होती आणि वय कमी होतं, म्हणून निभावलं. ज्याचं वय तितकं कमी नाही, ज्याच्या घरी बायकोमुलं आहेत, त्याच्या दोन वर्षांतले चार-सहा महिने वकिलातीच्या खिडकीत गेले तर ते कोण भरून देणार? आज तुमच्या नियमात उत्तर आहे: कुणी नाही. सामन्याला आला नाही, तर समोरच्याला पुढे चाल. प्रेक्षकांना तेवढंच दिसतं, आणि मग लोक म्हणू लागतात की या आफ्रिकेच्या खेळाडूंना खेळायचंच नसतं.

इथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगतो, म्हणजे माझं पत्र भावनेच्या भरात लिहिलं असं वाटणार नाही. क्यू स्कूलच्या शेवटच्या फेरीत हरलेले कित्येक इंग्रज, वेल्श आणि चिनी खेळाडू आज आफ्रिकेच्या विजेत्यापेक्षा चांगले आहेत. ते विचारतात की त्याच्या सामन्यांचा स्कोअर बघा, ही जागा आम्हाला का नको? प्रश्न रास्त आहे. गुणवत्ता हाच एक निकष मानायचा असेल तर खंडाला जागा राखून ठेवण्याचं कारण उरत नाही. मग तसं जाहीर करा आणि ती जागा क्यू स्कूलला देऊन टाका. पण खेळ जगभर पसरवायचा म्हणून ती जागा ठेवायची असेल, तर पसरवण्याचं कामही करावं लागेल. आज तुम्ही दोन्हींच्या मध्ये उभे आहात. जागा देता, त्यामुळे नकाशावर आफ्रिका रंगवता येते. आधार देत नाही, त्यामुळे जागा वाया जाते. आणि ती वाया गेली की तिच्याच जोरावर आफ्रिकेत खेळ नाही असं सिद्ध करायला लोक मोकळे. एकतर कार्ड देऊ नका, नाहीतर ते नीट द्या. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळा तपशील.

इजिप्तला क्यू धरता येत नाही असं तर मुळीच नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एडमंड सौसा हा इजिप्शियन खेळाडू तीन कुशनच्या बिलियर्ड्समध्ये विश्वविजेता होता, आणि आज सामेह सिधोम त्याच खेळात जगातल्या नामवंतांशी बरोबरीनं खेळतो. खिसे नसलेलं ते टेबल वेगळं, मान्य आहे. पण कोन ओळखणारी नजर आणि पांढऱ्यावरचा ताबा यांना देश नसतो.

याहून बोलकं उदाहरण स्क्वॉशचं आहे. ज्या १८८२ मध्ये उटीला स्नूकरचे नियम टांगले गेले, त्याच वर्षी कैरोत नाईलमधल्या बेटावर इंग्रजांनी गेझिरा क्लब थाटला. स्क्वॉश इजिप्तमध्ये आलं ते अशाच साहेबी क्लबांतून. मग दोन खेळांच्या वाटा इतक्या वेगळ्या का झाल्या? १९९६ मध्ये गिझाच्या पिरॅमिडांपाशी काचेचं कोर्ट उभं करून अल अहराम स्पर्धा भरवली गेली. विशीही न गाठलेला अहमद बरादा घरच्या लोकांसमोर अंतिम फेरीत पोचला आणि जानशेर खानकडून हरला. हरला, पण ते अवघ्या कैरोनं पाहिलं. पाहणाऱ्यांत जी मुलं होती त्यांनी रॅकेट हाती घेतली. २००३ मध्ये अम्र शबाना विश्वविजेता झाला, पुढे रॅमी अशूर आला, अली फराग आला, मुलींमध्ये नूर एल शेरबिनी आली, आणि आता स्क्वॉशच्या क्रमवारीत वरून खाली वाचत गेलं तर इजिप्तची नावं मोजायचा कंटाळा येतो. त्या खेळाच्या टूरवर लहान लहान स्पर्धांचा एक थर आहे आणि त्यांतल्या अनेक इजिप्तमध्येच होतात. म्हणजे अठरा वर्षांच्या मुलाला क्रमवारीतले पहिले गुण मिळवायला देश सोडावा लागत नाही. व्हिसाची पहिली रांग लागते तोवर तो निम्मा तयार झालेला असतो. तुमच्याकडे मात्र पहिला गुणही इंग्लंडात, पहिला मारही इंग्लंडात.

सरकारी पैसा ऑलिंपिकमधल्या खेळांकडे वळतो, आणि २०२८ मध्ये लॉस एंजेलिसला स्क्वॉश ऑलिंपिकमध्ये जातं आहे. कैरोचा एखादा बाप मुलाला कोर्टावर पाठवील की क्लबातल्या टेबलावर, हे सांगायला ज्योतिषी नको.

घरची स्पर्धा काय करते याचा पुरावा आमच्याकडेही आहे, आणि तो तुमच्याच स्पर्धेतला आहे. २०१३ मध्ये तुम्ही इंडियन ओपन दिल्लीत आणलीत. तेव्हा टूरवर आपलं स्थान कमावण्यासाठी धडपडणारा मुंबईचा आदित्य मेहता थेट अंतिम फेरीत गेला. अंतिम सामन्यात चीनच्या डिंग जुनहुईनं त्याला ५-० असं धुतलं, तो भाग सोडा. रँकिंग स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचलेला तो पहिला भारतीय. पुढच्याच वर्षी त्यानं व्यावसायिक सामन्यात १४७ चा, म्हणजे कमाल गुणांचा, ब्रेक केला. दिल्लीत त्याचा हात रातोरात बदलला असं कुणी म्हणणार नाही. बदललं ते एवढंच की त्या आठवड्यात तो पाहुणा नव्हता. आज मुंबईचाच ईशप्रीत सिंग चढ्ढा टूरवर आहे. त्याच्या क्लबातल्या पोरांना हेच विचारा: इंग्लंडातला सामना आणि दिल्लीतला सामना यांत टेबल सोडून आणखी काय बदलतं? ते तासभर बोलतील.

तुमच्या लक्षात यावी अशी आणखी एक जागा आहे: हुर्घाडा. नोव्हेंबर २०१५ मध्ये तांबड्या समुद्राकाठच्या या इजिप्शियन गावात जागतिक हौशी स्नूकर स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात पुण्यात जन्मलेल्या पंकज अडवाणीनं चीनच्या अठरा वर्षांच्या झाओ शिनतोंगला ८-६ असं हरवलं. आम्ही इकडे अडवाणीच्या आणखी एका विश्वविजेतेपदाचा आनंद साजरा केला आणि विसरलो. पुढे काय झालं ते मात्र पाहण्यासारखं आहे. अडवाणी २०१२ मध्येच टूरवर गेला होता आणि २०१४ मध्ये कार्ड सोडून मोकळा झाला होता. बिलियर्ड्स आणि घर यांच्या तुलनेत ते आयुष्य त्याला परवडलं नाही. झाओ २०१६ मध्ये व्यावसायिक झाला. शेफिल्डमध्ये त्याच्या देशातल्या खेळाडूंसाठी अकादमी होती, सोबतीला चिनी मित्र होते, मागे चिनी पैसा होता. मधे सामनानिश्चितीच्या प्रकरणात वीस महिन्यांची बंदी आली, कार्डही गेलं, आणि तरी २०२५ मध्ये पात्रता फेऱ्यांतून वर येऊन त्यानं क्रूसिबलवर मार्क विल्यम्सला १८-१२ असं हरवून विश्वविजेतेपद मिळवलं. हौशी म्हणून! हुर्घाडाच्या फायनलमध्ये हरलेल्याचं पुढे काय झालं ते जगाला ठाऊक आहे, जिंकलेल्याचंही. यजमानांकडे मात्र कुणी वळून पाहिलं नाही. ज्या देशात हे दोघे खेळले, त्या देशाच्या खेळाडूंना त्यानंतरच्या दहा वर्षांत कुणी अकादमी दिली? कुणी सरावाला जोडीदार दिला?

चीनचा पैसा चीनचा होता, हे खरं. डिंगनं २००५ मध्ये चायना ओपन जिंकल्यावर तिथे जी लाट आली तिच्यावर तुम्हीही तरलात, बक्षिसं वाढली, तुमच्या स्पर्धांतली टेबलंही चिनी बनावटीची झाली. इजिप्तकडून तशी लाट येईल असं आश्वासन मी कुठून देऊ? पण डिंग येण्यापूर्वी चीनबद्दलही तसं आश्वासन कुणी दिलं नव्हतं.

समालोचकांबद्दल थोडंसं. इजिप्तचा खेळाडू टेबलावर आला की त्याचं नाव अडखळत घेतलं जातं, देशाचा उल्लेख होतो, आफ्रिकेचा विजेता असल्याचं सांगितलं जातं, आणि मग उरलेला सामना समोरच्याबद्दल बोलण्यात जातो. तो कुठल्या क्लबात शिकला, कुणाबरोबर सराव करतो, लांब पॉट कसा घेतो, रेस्टवर कसा आहे? काही नाही. तुमच्या माहितीपत्रकातच काही नसतं म्हणून असं होतं. एका माणसाला कैरोला पाठवून प्रत्येक नव्या खेळाडूवर दोन पानं लिहून घ्यायला किती खर्च येईल?

आता मागण्या. पहिली, जी फुकट आहे: दोन वर्षांची मुदत हंगाम सुरू झाल्यापासून मोजू नका, खेळाडूच्या पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का बसल्यापासून मोजा. खेळाडूनं वेळेत अर्ज केला असेल आणि तरी व्हिसा नाकारला गेला किंवा लांबला, तर तेवढे महिने त्याच्या मुदतीत पुढे जोडून द्या. यात कुणाच्या तोंडचा घास जात नाही.

पात्रता फेऱ्यांच्या तारखा जितक्या आधी देता येतील तितक्या आधी द्या आणि शक्य तितक्या फेऱ्या एकाच गावात सलग भरवा. एका विमानात तीन स्पर्धांच्या फेऱ्या झाल्या तर खर्च तिसऱ्या हिश्शावर येतो. हे तुम्ही कधीकधी करता. ते कधीकधी न राहता नेहमीचं व्हावं.

हंगाम सुरू होण्याआधी सहा आठवडे आफ्रिकेच्या विजेत्याला शेफिल्डमध्ये एक खोली, टेबलाचे तास आणि एक प्रशिक्षक द्या. खर्च हमीच्या रकमेतून कापू नका. हे एक काम केलंत तरी पहिल्या फेरीतले सगळे नसले तरी काही सामने सहाव्या-सातव्या फ्रेमपर्यंत जातील, आणि सातव्या फ्रेमला काहीही होऊ शकतं हे मी तुम्हाला सांगायला नको.

आणि शेवटची मागणी मोठी आहे. २०२४ मध्ये सौदी अरेबियात तुमची मोठी स्पर्धा सुरू झाली, विजेत्याला ५,००,००० पौंड, म्हणजे क्रूसिबलच्या विजेत्याइतके. सौदीत इतका पैसा उभा राहू शकतो तर त्या स्पर्धेच्या पात्रता फेऱ्यांपैकी एक फेरी कैरोत किंवा हुर्घाडात का नको? तिथून सौदी दोन-अडीच तासांवर आहे. इंग्रज खेळाडूंनीही एकदा व्हिसा, उष्मा आणि अनोळखी टेबल यांची चव घ्यावी. त्यासोबत उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशिया मिळून हौशींसाठी वर्षाला तीन-चार छोट्या स्पर्धांची मालिका सुरू करा, तिच्या गुणांना क्रमवारीत किंमत द्या. म्हणजे पुढचा आफ्रिकन विजेता टूरवर येईल तेव्हा त्याच्या खात्यात शून्य नसेल आणि अंगावर चांगल्या खेळाडूंचे घाव असतील.

आमच्या महासंघांनाही यात बोलायला हवं, भारताच्या आणि आफ्रिकेच्या दोन्ही. आमच्याकडे परदेशी जाणाऱ्या खेळाडूला तिकिटाचे पैसे मिळतात ते बऱ्याचदा स्पर्धा संपल्यावर. त्यांच्यासाठी स्वतंत्र पत्र लिहीन, आणि ते इतकं सौम्य नसेल.

पुढच्या हंगामाच्या तारखा लावायला बसाल तेव्हा २०१५ ची स्पर्धा ज्यांनी हुर्घाडाला भरवली त्यांना एक फोन करा. हॉल कुठे होता, टेबलं कशी आणली, परदेशी खेळाडूंची व्यवस्था कशी लावली, हे ते सांगतील. आणि तुमचं उत्तर काहीही असो, ते कैरोच्या क्लबांत अरबीतून पोचेल अशी व्यवस्था करा.



आपला,
मुंबईच्या एका जिमखान्याच्या बिलियर्ड्स रूममधला जुना सभासद